टामिया १/४८ झीरो मॉडेल ५२: कोलंबो हल्ल्यातलं विमान करायचंय, चाचणीत रंग पांढुरका पडतोय

नौपाडा४८:

नमस्कार मंडळी. किट टामियाचं १/४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याच्या मापाचं. विमान दुसऱ्या महायुद्धातलं जपानी नौदलाचं लढाऊ, मित्सुबिशी ए६एम५ झीरो, मॉडेल ५२. कॉकपिट जोडून रंगवून झालंय. फ्युसलाजच्या, म्हणजे धडाच्या, दोन्ही बाजू अजून सुट्ट्या आहेत, पंखही चिकटवलेले नाहीत. काम ठाण्यात, वन बीएचकेत, गॅलरीला लागून असलेल्या टेबलावर.

करायचंय ते ५ एप्रिल १९४२ च्या, जपान्यांच्या कोलंबो हल्ल्यातलं विमान. आपल्या इतक्या जवळ येऊन गेलेलं झीरो म्हणून तेच हवं आहे. त्यासाठी या किटमध्ये काय काय बदलावं लागेल?

दुसरी अडचण रंगाची. रंग फवारायची ०.३ नोझलची डबल अ‍ॅक्शन गन आहे, टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर, प्रेशर २५ पीएसआय. टामिया अ‍ॅक्रिलिक एक्सएफ-११ (गडद हिरवा) हार्डवेअरच्या दुकानातल्या एनसी थिनरमध्ये निम्मानिम्म करून जुन्या किटच्या पंखावर मारून पाहिला, प्रायमर न लावता. दहा मिनिटांत हिरव्यावर पांढुरका थर आला. मध्येच गनमधून पाण्याचे दोन-तीन थेंब उडाले. दुसऱ्या दिवशी मास्किंग टेप काढली तर तिच्याबरोबर रंगाची सालं निघाली. पंखाच्या कडेला प्लास्टिकवर जाळीसारख्या बारीक भेगाही दिसतायत. बाहेर चार दिवस पावसाची झड लागलेली आहे. चूक नेमकी कुठे होतेय?

पारसिक:

आधी विमानाचं ठरवा, कारण पंख चिकटले की हा निर्णय फिरवता येत नाही. कोलंबोवर आलेली ३६ झीरो सगळी मॉडेल २१, म्हणजे ए६एम२. तुमच्या हातातलं मॉडेल ५२ कारखान्यातून निघायला लागलं ते १९४३ च्या ऑगस्टपासून. कोलंबोच्या वेळी ते अस्तित्वातच नव्हतं.

आता ५२ चं २१ करता येईल का, ते बघू. २१ च्या पंखांचा विस्तार १२ मीटर, ५२ चा ११. १/४८ मध्ये २५ सेंटिमीटर आणि साधारण २२.९ सेंटिमीटर. प्रत्येक टोकाला एकेक सेंटिमीटर वाढवला की झालं असं वरवर वाटतं. पण २१ चं टोक विमानवाहू जहाजाच्या लिफ्टमध्ये मावावं म्हणून सुमारे ५० सेंटिमीटर वर दुमडायचं, त्यामुळे तिथे बिजागरीची रेषा कोरावी लागते आणि टोकाची गोलाईही नव्याने घडवावी लागते. हे पुट्टी आणि सँडपेपर घेऊन जमेल एक वेळ. नाकाचं जमत नाही. २१ ला साकाए १२ इंजिन, ५२ ला साकाए २१. त्यामुळे काउलिंगच, म्हणजे इंजिनावरचं आवरणच, वेगळं. २१ च्या कार्ब्युरेटरला हवा घेणारं तोंड काउलिंगच्या खाली आहे, ५२ मध्ये ते वरच्या ओठात गेलं. २१ चा धूर एका सामाईक कड्यात जमून खालून दोन नळ्यांनी बाहेर पडतो. ५२ मध्ये प्रत्येक नळी काउल फ्लॅपच्या (काउलिंगच्या मागच्या कडेच्या झडपांच्या) मागे सुटी उघडते, आणि ५२ ओळखायची तर लोक आधी तिथेच बघतात. पंखातल्या २० मिलिमीटर तोफेची नळी २१ मध्ये कडेच्या आतच राहते, ५२ मध्ये बाहेर डोकावते. म्हणजे नाक, पंख, तोफा, सगळंच नवं. एवढ्या मेहनतीत दुसरं किट होतं.

तेव्हा कोलंबोसाठी मॉडेल २१ चंच किट घ्या. १/४८ मध्ये एडुआर्डचं २०२१ सालचं आहे, हासेगावाचं जुनं पण आकाराला नीट आहे. टामियाचं १/७२ मधलं लहान असलं तरी फार सुबक बसतं. जागा असेल तर १/३२ सुद्धा आहे, पण पंख साडेसदतीस सेंटिमीटरचे, शोकेसचा कप्पा आधी मोजून घ्या.

२१ चा रंग अंगभर एकच, राखाडीत हिरवट-पिवळसर झाक असलेला. टामियाचा एक्सएफ-७६ त्यासाठीच आहे. काउलिंग काळं, त्यात निळ्याची किंचित झाक. एक्सएफ-१ चे दहा थेंब, त्यात एक्सएफ-८ चा एक. एप्रिल १९४२ च्या विमानाला पंखाच्या पुढच्या कडेची पिवळी पट्टी देऊ नका, ती नंतर आली. हिनोमारूभोवती, म्हणजे जपानच्या तांबड्या गोलाभोवती, पांढरी कडही नको. मागच्या धडावरचे पट्टे पर्ल हार्बरच्या वेळेपासून जहाजाप्रमाणे ठरलेले होते: आकागीचा एक तांबडा, सोर्‍यूचा एक निळा, हिर्‍यूचे दोन निळे, शोकाकूचा एक पांढरा, झुइकाकूचे दोन पांढरे. कोलंबोवर हीच पाच जहाजं आली होती. कागाचे दोन तांबडे पट्टे मात्र घेऊ नका, ते या मोहिमेत नव्हतं.

आपल्याकडे नेहमी होणारी एक गल्लत इथेच सांगतो. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले ते र्‍यूजो जहाजावरच्या नाकाजिमा बी५एन बॉम्बर विमानांनी टाकले, झीरोंनी नव्हे. आणि इंफाळच्या लढाईत आपल्या सैनिकांच्या डोक्यावर घिरट्या घालणारं जपानी लढाऊ विमान म्हणजे लष्कराचं की-४३ हायाबुसा. ते लांबून झीरोसारखंच दिसतं, पण लष्कराचं आणि नौदलाचं विमान, रंग, खुणा सगळं वेगळं. भारताशी नातं असलेलं जपानी विमान पुढे करायचं झालं तर हायाबुसा जरूर मनात ठेवा.

हातातल्या ५२ साठी माझी सूचना: शेपटीवर ६१-१२० असलेलं विमान करा. नाकाजिमाने बांधलेलं, २६१ कोकुताईचं (नौदलाच्या हवाई तुकडीचं), जून १९४४ मध्ये सायपानवर अमेरिकनांच्या हाती लागलेलं. आज ते कॅलिफोर्नियात चीनो इथल्या संग्रहालयात आहे आणि मूळच्या साकाए इंजिनावर उडतं. प्रत्येक कोपऱ्याचे फोटो मिळतात, त्यामुळे अंदाजाने काहीच करावं लागत नाही. फक्त आजचे फोटो डागडुजीनंतरचे आहेत, रंगाची छटा त्यावरून ठरवू नका. आकार आणि जोड बघायला घ्या.

नाकाजिमाचं विमान म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. वरचा हिरवा आणि खालचा राखाडी जिथे भेटतात ती रेषा नाकाजिमाच्या विमानांवर पंखाच्या मागून वर चढत जाऊन आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेला भिडते. मित्सुबिशीच्या विमानांवर ती बरीच सरळ मागे जाते. खोक्यावरचं चित्र मित्सुबिशीच्या विमानाचं असेल आणि तुम्ही तेच बघून टेप लावलीत, तर आकडा एका कारखान्याचा आणि रंग दुसऱ्याचा होईल.

वाशी_मॉडेलर:

विमानाबद्दल पारसिक यांनी लिहिलंय ते पुरेसं आहे, मी रंगाचं बघते. तुमच्या एका चाचणीत चार वेगवेगळ्या चुका एकत्र झाल्यात, म्हणून गोंधळ वाटतोय.

भेगा एनसी थिनरच्या. तो लाकडाच्या आणि लोखंडाच्या रंगासाठी असतो. त्यातले द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतात. कडेला प्लास्टिक पातळ असतं आणि घडवताना आलेला ताणही तिथे राहिलेला असतो, म्हणून जाळी तिथे आधी पडते. हा थिनर फक्त गन धुवायला ठेवा, किटजवळ आणूच नका.

पांढुरकेपणा दोन प्रकारचा असतो, आणि उपाय वेगळे असल्यामुळे आधी ओळखावा लागतो. कोरडं बोट फिरवून बघा. पिठासारखं बोटाला लागलं तर रंग हवेतच सुकून पडलाय: प्रेशर जास्त, गन लांब. बोटाला काहीच लागलं नाही आणि पांढरं रंगाच्या आत दिसत असेल तर ती बाष्पाची करामत. थिनर झपाट्याने उडाला की पृष्ठभाग थंड होतो, आणि हवेत ओल भरपूर असल्यामुळे त्यावर दव धरतं. ते दव सुकणाऱ्या थरात कोंडलं जातं. एनसी थिनर फारच वेगाने उडतो आणि बाहेर झड लागलेली, म्हणून तुमच्या बाबतीत हे दुसरंच असणार असं मला वाटतं. तरी २५ पीएसआय बघता पहिलंही थोडं असेल.

बाष्पाचा पांढुरकेपणा काढता येतो. मिस्टर लेव्हलिंग थिनर नुसता गनमध्ये घ्या, १२ पीएसआय, दहा सेंटिमीटरवरून एक हलका हात. पृष्ठभाग ओला चमकला की थांबा. थर पुन्हा मऊ होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि हिरवा परत खोल दिसायला लागतो. त्याच्यावर आणखी हात मारलात तर रंग ओघळेल. हे त्या जुन्या पंखावरच करून बघा, हात बसेल.

आता मिश्रण. टामियाच्या एक्सएफ रंगांना त्यांचाच एक्स-२०ए थिनर घ्या, किंवा मिस्टर लेव्हलिंग थिनर. दुसऱ्यात सुकणं लांबवणारा रिटार्डर आधीच असतो, म्हणून पावसाळ्यात तो बरा पडतो. प्रमाण रंग एक, थिनर दीड. कपात ढवळल्यावर कडेने दुधासारखं ओघळलं पाहिजे आणि मागे पातळ पारदर्शक पडदा राहिला पाहिजे. प्रेशर १५ पीएसआय, अंतर आठ ते दहा सेंटिमीटर. पहिला हात नुसता शिंपडल्यासारखा, पाच मिनिटांनी दुसरा, मग तिसऱ्यात झाकण पूर्ण. एका हातात झाकायला गेलात की पॅनलच्या रेषा बुजतात, आणि टामियाच्या किटची खरी शोभा त्या रेषांतच आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं तर ९९ टक्क्यांचं घ्या. ७० टक्केवाल्यात बाकीचं बहुतेक पाणीच असतं.

पाण्याचे थेंब कॉम्प्रेसरचे. दाबलेली हवा गरम असते, नळीत थंड होते आणि त्यातली ओल सुटते. टाकी नसली की ती अडायला जागाच नाही. तीन लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घेणं हा कायमचा उपाय. तोवर मॉइश्चर ट्रॅप लावा, पण कॉम्प्रेसरच्या तोंडाला नको, गनच्या खाली लावा. तिथे पोचेपर्यंत हवा थंड झालेली असते, म्हणून पाणी ट्रॅपमध्येच पडतं. दर वीस मिनिटांनी त्याची खालची पिन दाबून पाणी काढा. टाकी घेतलीत तर रोज काम संपल्यावर तिच्या बुडाचा स्क्रू उघडून ठेवा, नाहीतर आतून गंजेल आणि तो गंज एक दिवस गनमध्ये येईल.

सालं निघाली ती प्रायमर नव्हता म्हणून. स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, साच्याचं तेल असतं आणि त्यात आपल्या हाताचा घाम. जोडणीआधी सगळे स्प्रू भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, जुन्या टूथब्रशने. तुमचं कॉकपिट झालंय, आता बाकीचे स्प्रू धुऊन घ्या. कॉकपिट जोडलेली बाजू बुडवू नका, ती ओल्या फडक्याने बाहेरून पुसा. मग मिस्टर सर्फेसर १५०० हा प्रायमर लेव्हलिंग थिनरमध्ये एकास दीड, अंगभर पातळ. उन्हाळ्यात २४ तास पुरतात. या दिवसांत ४८ तास थांबा, त्यात तडजोड नको. टेपही थेट लावू नका. आधी काचेवर दोनदा चिकटवून काढा, म्हणजे चिकटपणा कमी होतो. काढताना वर ओढू नका. स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला घासत गेल्यासारखी, हळू.

खोलीत हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारा काटा, ठेवा, स्वस्तात मिळतो. ७५ टक्क्यांच्या वर गेला की क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मारूच नका, विशेषतः मॅट. मॅट कोटात ओल अडकली की सगळं विमान धुक्यात गेल्यासारखं दिसतं. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर चालवा, काटा ६० च्या आसपास आला की एसी बंद करून मारा. एसी चालू ठेवून मारलंत तर वास आणि रंगाची धूळ घरभर जाते. गॅलरीकडे तोंड करून एक्झॉस्ट फॅन लावा. एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनच्या डब्या असलेला मास्क लागतो. वन बीएचकेत हे घरातल्या सगळ्यांसाठी सांगतेय.

रंगाचा क्रम असा ठेवा. प्रायमरनंतर पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा, त्यावर पिवळा: एक्सएफ-३ मध्ये एक्सएफ-७ चे दोन-चार थेंब, थोडा नारिंगीकडे झुकेपर्यंत. किटमध्ये या पट्टीचं डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र, असलं तरी रंगवाच. कडेवरून वळताना डेकलला सुरकुती पडते आणि ती बसवता बसवता डेकल फाटतं. पिवळ्यावर टेप, मग खालून राखाडी एक्सएफ-१२, त्यावर टेप, शेवटी वरचा हिरवा एक्सएफ-११. हिरवा आधी मारलात तर पिवळ्याला झाकण यायला पाच-सहा थर लागतात आणि कडेला कंगोरा उभा राहतो.

नौपाडा४८:

ताई, बोट फिरवून पाहिलं. काही लागत नाही, पांढरं आतच आहे. म्हणजे बाष्प.

ठरलं: ५२ चं ६१-१२० करतो, कोलंबोसाठी २१ चं किट वेगळं घेईन. अजून तीन गोष्टी विचारतो. हिनोमारू डेकलचे लावू की रंगवू? जपानी विमानांवर रंग उडून खालचा चंदेरी धातू दिसतो तसं किती आणि कुठे करावं? आणि एवढ्या चौकटींच्या कॅनपीचं, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाचं, मास्किंग कसं करतात?

घोडबंदर:

हिनोमारू रंगवा. हिरव्यावर तांबडं डेकल लावलं तर खालचा हिरवा थोडा वर येतो आणि लाल मळकट, तपकिरी दिसतो. वर्तुळ कापणाऱ्या कंपास कटरने मास्किंग शीटवर दोन मापं कापा: एक पांढऱ्या कडेसकट, एक नुसत्या लालाचं. माप किटच्या डेकलवरून घ्या, अंदाजाने नको. पंखावर मोठ्या मापाचं भोक ठेवून आधी पांढरा मारा. तो ४८ तास सुकू द्या. मग लहान मापाचं भोक नेमकं मध्यावर बसवून लाल. मध्य साधण्यासाठी कापतानाच कंपासच्या टोकाने शीटवर पडलेलं भोक जपा आणि दोन्ही शीटवर आडवी-उभी पेन्सिल रेघ ओढा, रेघेवर रेघ जुळली की झालं. लालासाठी एक्सएफ-७ मध्ये अगदी थोडा तपकिरी. पंखाच्या खालच्या बाजूला राखाडीवर पांढरी कड नसते, तिथे एकच शीट पुरते. दारांवरच्या आणि शेपटीवरच्या बारीक अक्षरांना मात्र डेकलच घ्या.

टामियाची डेकलं जाड असतात. गार पाण्यात भिजवली तर कडक राहतात आणि पॅनलच्या रेषेत बसत नाहीत. पाणी हाताला चटका न बसेल इतकं गरम घ्या, ४० सेकंद ठेवा, मग फडक्यावर काढून मिनिटभर थांबा. डेकल कागदावरून आपोआप सरकलं पाहिजे, ओढावं लागत असेल तर अजून थांबा. मॅट रंगावर थेट लावू नका. मॅट म्हणजे बारीक खड्डेच, त्यांत हवा अडकते आणि डेकलखाली राखेसारखी चमक दिसते. आधी ग्लॉस क्लिअर, मग डेकल, मग मार्क सॉफ्टर, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रावण. सॉफ्टर लावल्यावर डेकल सुरकुतलं तर घाबरून हात लावू नका. अर्ध्या तासात ते स्वतःच ताणलं जाऊन बसतं. त्या अर्ध्या तासात बोट लागलं तर मात्र फाटलंच.

आता चंदेरी. इथे बहुतेक लोक झीरोवर हात सैल सोडतात, आणि विमान बिघडतं. चकत्याचकत्यांनी रंग सोललेली जपानी विमानं फोटोत दिसतात, त्यांतली बरीचशी लष्कराची असतात. आघाडीच्या तळावर उघड्या ड्युरालुमिन धातूवरच हिरवा मारला जायचा, त्याला धरायला खाली काही नसायचं. झीरोवर कारखान्यात प्रायमर असायचा, रंग नीट धरून राहायचा. म्हणून चंदेरी द्या ती हात-पाय लागतात तिथेच: पंखाच्या मुळाशी पाय ठेवायची जागा, कॉकपिटची कड, काउलिंगचे खिळे, तोफांच्या झाकणांच्या कडा. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर या पंखाच्या आणि शेपटीच्या हलणाऱ्या पट्ट्यांवर एक ठिपकाही नको. त्या कापडाने मढवलेल्या असत, खाली धातू नाही. स्पर्धेत परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.

पद्धत: प्रायमरवर ज्या जागा सोलायच्या तेवढ्याच चंदेरी लॅकर, त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, मग हिरवा. पंधरा-वीस मिनिटांनी कोमट पाण्याने ओला केलेला आखूड केसांचा ब्रश घेऊन घासा. इथे ताईंच्या एका गोष्टीत बदल सुचवतो. हेअरस्प्रेवर मारायचा हिरवा लेव्हलिंग थिनरमध्ये करू नका. लॅकरचा थिनर हेअरस्प्रेच्या आत शिरतो, रंग घट्ट धरतो, मग कितीही घासलं तरी सुटत नाही. तेवढ्या हाताला एक्स-२०ए घ्या. पावसात हेअरस्प्रे पूर्ण कोरडा होत नाही आणि नंतर रंग मोठ्या पापुद्र्याने निघतो. ओल जास्त असेल त्या दिवशी हे सोडा आणि शेवटी स्पंजच्या तुकड्याने चंदेरीचे ठिपके द्या. स्पंज कागदावर टिपून जवळजवळ कोरडा झाला की मगच विमानाला लावा.

धूर हे ५२ चं वैशिष्ट्य. सुट्या एक्झॉस्ट नळ्यांमुळे काजळी फ्युसलाजच्या बाजूवरून पंखाच्या मुळावर जाते. एक भाग काळा, दोन भाग तपकिरी, ८० टक्के थिनर, १० पीएसआय, नळीपासून मागे. दोन हात पुरेत. मध्यभागी थोडा फिकट राखाडी मारला की उष्णतेने जळलेला दिसतो. उतरणीच्या चाकांचे दांडे चकचकीत काळे, त्यांना मॅट कोट लागू देऊ नका. प्रोपेलर तांबूस तपकिरी, एक्सएफ-९ आणि एक्सएफ-१० निम्मे. २१ च्या वेळी मात्र पात्यांची पुढची बाजू चंदेरी आणि टोकाशी दोन तांबड्या रेघा, हे आत्ताच लिहून ठेवा.

वाशी_मॉडेलर:

थिनरबद्दल घोडबंदर यांचं बरोबर आहे, हेअरस्प्रेवर एक्स-२०ए च. तो वापरताना ओलीचा काटा अजून खाली हवा, ६० च्या आत, कारण त्यात रिटार्डर नाही. बाटलीतला टामियाचा अ‍ॅक्रिलिक रिटार्डर मिळत असेल तर कपात एक-दोन थेंब टाका.

आणि ज्या पंखावर भेगा पडल्या तो टाकून देऊ नका. ६०० च्या सँडपेपरने ओलं घासून, मग १०००, मग सर्फेसर. यापुढच्या सगळ्या रंगांची पहिली चाचणी त्याच्यावरच घ्या. किटचा पंख चाचणीला कधीच वापरू नये.

पारसिक:

कॅनपीचं राहिलं. बाजारात किटच्या मापाचे कापलेले मास्क मिळतात. झीरोच्या कॅनपीला इतक्या चौकटी आहेत की तो खर्च वेळेच्या मानाने वसूल होतो. टामियाच्या काही किटमध्ये मास्कची शीट असते, पण ती रेषेवरून आपणच कापायची. नुसत्या टेपने करायचं तर काचेवर टेप लावून नव्या ब्लेडने एक मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. प्रत्येक खिडकीची कड आधी पट्ट्यांनी आखून घ्या आणि मधली जागा मास्किंग फ्लुइडने भरा. पूर्ण खिडकीएवढा तुकडा एकदम बसवायला गेलात तर गोलाईवर कड उचलते आणि रंग आत शिरतो. लावल्यावर टूथपिकच्या टोकाने कडेकडेने दाबत जा. पट्टी जिथे काचेला नीट चिकटली तिथे ती गडद दिसते, फिकट राहिली तिथे हवा आहे.

रंग तीन थरांत: पहिला आतल्या कॉकपिटचा, कारण चौकट आतून काचेतून दिसते. मग सर्फेसरचा पातळ हात. मग बाहेरचा हिरवा. कॉकपिटचा हिरवा नाकाजिमाचा घ्या, मिस्टर कलरमध्ये तो १२७ नंबर, मित्सुबिशीचा १२६. तुमचं कॉकपिट एक्सएफ-७१ ने रंगवून झालं असेल तर ते उघडू नका, कॅनपीच्या आतही तोच रंग ठेवा. आत एक आणि चौकटीला दुसरा असा फरक लगेच दिसतो.

कॅनपी चिकटवायला इन्स्टंट ग्लू नको. त्याची वाफ बंद कॉकपिटमध्ये कोंडते आणि काचेच्या आतून पांढरी भुकटी बसते, ती नंतर काढायला वाटच नसते. पांढरा फेविकॉल काडीच्या टोकाने कडेला फिरवा, बसवा, बाहेर आलेला ओल्या ब्रशने पुसा. सुकल्यावर पारदर्शक होतो, फट असेल तर तीही भरतो. रात्रभर टेपने धरून ठेवा.

पंखाचे भाग चिकटवून बंद करायच्या आधी एक करा. पंखाच्या खालच्या भागात आतून अर्धवट भोकं दिलेली असतात, पोटाखालच्या जादा टाकीसाठी. टाकी लावायची की नाही ते आत्ता ठरवा आणि लावायची तर आतूनच ड्रिल करा. पंख बंद झाल्यावर बाहेरून ती जागा सापडत नाही. दोन्ही पंख फ्युसलाजला लावल्यावर समोरून आणि मागून बघा, टोकांची टेबलापासूनची उंची मोजपट्टीने सारखी करा, आणि एक्स्ट्रा थिन सिमेंट ब्रशने फटीत सोडा. सिमेंट फटीतून स्वतःच आत धावतं, बोटाने दाबू नका. बोटाच्या ठशाखाली ते पसरलं तर ठसा प्लास्टिकमध्ये कोरला जातो.

शेवटी अँटेनाची वायर. कॅनपीमागच्या खांबापासून शेपटीच्या टोकापर्यंत. किटमधला रिकामा स्प्रू आठ-दहा सेंटिमीटरचा घ्या आणि मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर दोन सेंटिमीटरवर गोल फिरवत धरा. ज्योतीत घातलात तर पेटतो. मध्यभाग चमकायला लागून खाली झुकला की बाहेर काढा, एक श्वास थांबा, मग दोन्ही हात सारख्या वेगाने लांब न्या. लगेच ओढलंत तर कोळ्याच्या जाळ्याइतका बारीक होऊन तुटतो, उशिरा ओढलंत तर जाडच राहतो. केसाएवढा मिळेपर्यंत चार-पाच तुकडे करून बघा. पंखा बंद ठेवा. आधी खांबाकडचं टोक सुईवरच्या ग्लूच्या ठिपक्याने लावा आणि दहा मिनिटं थांबून शेपटीकडचं. वायर थोडी सैल राहिली तर विझवलेल्या अगरबत्तीचं गरम टोक खालून एक सेंटिमीटरवर आणा, ती आपोआप ताणली जाते. त्याहून जवळ नेऊ नका.